गिरणारे-मखमलाबाद फेरी : सायकलवरून नाशिकची शेती कशी बघावी

नाशिकला नव्याने राहायला आलेल्या एका मित्राला "चल, तुला द्राक्षबागा दाखवतो" म्हणून मी ऐटीत सायकलवर घेऊन निघालो, तो एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. गिरणारेच्या अलीकडे पोहोचेपर्यंत ऊन तापलं होतं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बागाच बागा, पण मांडवावर हिरवं पान नाही. नुसत्या तारा, लोखंडी अँगल आणि त्यांना धरून राहिलेले काळपट ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात. मित्र म्हणाला, "द्राक्षं कुठंयत?" बांधावर काड्या गोळा करणाऱ्या एका आजींनी ते ऐकलं. "आता काय बघायला आले बाबा? खरड छाटणी झाली. द्राक्षं गेली, आता काड्या न्या चुलीला."

तेव्हापासून मी या फेरीला निघताना नकाशा नंतर बघतो. आधी शेतात कोणतं काम चालू आहे ते बघतो. नव्या माणसालाही माझं हेच सांगणं असतं.

आधी महिना, मग रस्ता

थंड देशांत द्राक्षाची वेल हिवाळ्यात झोपते आणि वसंतात आपोआप फुटते. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून कात्रीने तिला वळण लावावं लागतं. नाशिकमध्ये छाटणी वर्षातून दोनदा होते आणि पीक एकदाच येतं. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ती पुढे फळ धरणारी काडी तयार करण्यासाठी. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, ती फळासाठी. गोडी छाटणीपासून साधारण ११० ते १३० दिवसांनी माल तयार होतो. हे गणित डोक्यात ठेवलंत की कोणत्या महिन्यात काय दिसेल ते तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

पहिल्यांदा जाणार असाल तर मकर संक्रांतीनंतर निघा, मार्चच्या मध्याच्या आत. जानेवारीत बऱ्याच बागांमध्ये मण्यात पाणी उतरत असतं. हा इथला खास शब्दप्रयोग. कडक, हिरवागार, आंबट मणी मऊ पडायला लागतो, त्यातून उजेड आरपार दिसायला लागतो, त्याला 'पाणी उतरलं' म्हणतात. याच दिवसांत काही मांडवांखाली घड कागदात गुंडाळलेले दिसतील. रात्री कडाक्याची थंडी आणि दिवसा ऊन असलं की पांढऱ्या द्राक्षावर गुलाबी छटा येते. शेतकरी त्याला पिंक बेरी म्हणतात, आणि गुलाबी झालेला माल निर्यातीला चालत नाही, म्हणून प्रत्येक घडाला कागद. एकरभर बागेत घड किती असतात याचा अंदाज घ्या आणि मग तो कागद लावणाऱ्या बायकांच्या मानेकडे बघा, दिवसभर वर करून धरलेली. बागेच्या कडेला उन्हापासून आडोसा म्हणून जुन्या साड्याही बांधलेल्या असतात. लाल, जांभळ्या, मोरपंखी. लांबून वाटतं कुणाचं तरी लग्न आहे.

दुसरा चांगला काळ म्हणजे ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत. तेव्हा द्राक्ष नसतं, पण टोमॅटोचा हंगाम असतो, डोंगर हिरवे असतात, आणि मांडवावर कारली, दोडके, दुधी लोंबत असतात. मी स्वतः ही फेरी जास्त वेळा सप्टेंबरात करतो. जुलै मात्र टाळा. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातली काळी माती डांबरावर येते आणि तिच्यावर सायकलचं पुढचं चाक साबणावर घसरावं तसं घसरतं. शिवाय शनिवार-रविवारी पावसाळी हौशी गाड्यांची गर्दी. ऑक्टोबरात छाटणी चालू असताना गेलात तर डोळ्यांना, म्हणजे वेलीच्या डोळ्यांना, पेस्ट लावताना मजूर दिसतील. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी असतं, त्या बागेपासून लांबूनच जा.

सायकल, ट्यूब आणि एक पुठ्ठ्याचं खोकं

नाशिकला सायकलचं वेड जुनं आहे. २०१५ साली रेस अॅक्रॉस अमेरिका ही स्पर्धा पूर्ण करणारा पहिला भारतीय संघ म्हणजे इथलेच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ. त्यांच्यानंतर गंगापूर रोडवर पहाटे हेल्मेट घातलेले लोक दिसले तर कुणी वळून बघत नाही. पण या फेरीला त्या वेगाचं काही काम नाही. सगळं मिळून ३५ ते ४० किलोमीटर अंतर आहे, चढ सौम्य आहेत, आणि ज्याला घाई आहे त्याने महामार्ग धरावा. गियरची सायकल असली तर बरं, नसली तरी अडत नाही. फार बारीक टायरची रेसिंग सायकल मात्र नको.

कारण काटे. शेताच्या कडेने बाभळी आहेत आणि कापलेल्या फांद्या कुंपणाला लावून ठेवायची पद्धत आहे. बाभळीचा काटा टायरमधून सरळ आत जातो. त्याहून वाईट सराटा. जमिनीसरपट पिवळ्या फुलांचं साधं गवतासारखं दिसतं, आणि त्याचं फळ कसंही पडलं तरी एक टोक वर ठेवून पडतं. मातीच्या रस्त्यावर उतरलात की परत डांबरावर येताना टायरवर हात फिरवून बघा. काटा घुसलेला दिसला आणि हवा अजून टिकून असेल तर तो तिथेच उपटू नका. पुष्कळदा तोच बूच होऊन बसलेला असतो, गावापर्यंत पोहोचवतो. गावात मोटारसायकलची पंक्चरची दुकानं मिळतात, पण तुमच्या मापाची ट्यूब तिथं असेलच असं नाही, आणि बारीक तोंडाचा प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल तर त्यांचा कॉम्प्रेसर लागत नाही. तेव्हा दोन ट्यूब, छोटा पंप, टायर काढायचे पट्टे आणि व्हॉल्व्हचं अॅडॅप्टर जवळ ठेवा. दीड लिटर पाणी. मागचा लाल दिवा, कारण जानेवारीत सकाळी धुकं असतं आणि भरलेली पिकअप तुम्हाला शेवटच्या क्षणी बघते. दहा-वीसच्या नोटा. आणि कॅरिअरवर एक पुठ्ठ्याचं खोकं, आत जुनी वर्तमानपत्रं.

खोक्याचं कारण सांगतो. पहिल्या वर्षी मी तीन किलो द्राक्षं कापडी पिशवीत घालून हँडलला अडकवली होती. मखमलाबादपर्यंत पिशवीतून रस गळून पुढच्या चाकावर, तिथून माझ्या पायांवर. घरी पोहोचलो तेव्हा मागे मधमाश्या होत्या.

सहा वाजता, जेहान सर्कल

गंगापूर रोडवर जेहान सर्कलपासून निघा. सहा, फार तर सव्वासहा. उशीर केलात तर गिरणारेची सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट हुकेल, ती काय ते पुढे येईलच. सकाळी पश्चिमेकडे जायचं असल्यामुळे सूर्य पाठीशी राहतो आणि दुपारच्या आत परत येताना पश्चिमेचा वारा ढकलत आणतो. उलट दिशेने ही फेरी एकदाच केली, पुन्हा नाही.

सुरुवातीचा पट्टा शहराने गिळलेला आहे. आनंदवल्ली हे नाव राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई यांच्यावरून आलं. पुढचं गंगापूर हे थोरल्या माधवरावांच्या आई गोपिकाबाई यांनी उत्तरायुष्य जिथे काढलं ते गाव. पेशवाईतल्या या दोन बायका एकमेकींपासून चार-पाच किलोमीटरवर! वाटेत सोमेश्वरचं मंदिर आणि पुढे गोदावरीचा धबधबा. थांबायचं तर थांबा, पण मी थांबत नाही. इमारती विरळ होऊन पहिला मांडव दिसला की माझी फेरी सुरू होते.

गंगापूर धरण बघायला भिंत चढायची गरज नाही. ते मातीचं धरण आहे, साडेपाच टीएमसीच्या आसपास साठा, नाशिक शहराचं पिण्याचं पाणी प्रामुख्याने इथून येतं. तुमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. या धरणातून निघणारा डावा कालवा तुम्हाला परतीच्या वाटेवर पुन्हा भेटणार आहे. जाताना गोदावरीच्या उजव्या काठाने निघायचं, आणि नदी ओलांडून डाव्या काठाने परत यायचं, असा हा फेरा आहे. गंगापूरनंतर दुगाव, मग गिरणारे. फाट्यावर गोंधळलात तर फोन काढू नका. दूध घालायला निघालेल्या कुणालाही "दादा, गिरणारे?" एवढं विचारा. हाताने दाखवतील, वर "एकटेच निघाले का?" हेही विचारतील.

गिरणारे : माणसांचा बाजार

साडेसातच्या सुमारास गिरणारेच्या चौकात पोहोचायला हवं. तोपर्यंत तिथं शेकडो माणसं जमलेली असतात. पेठ, हरसूल, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या बाजूंच्या पाड्यांवरून आलेले आदिवासी मजूर. बायकांच्या डोक्याला रुमाल, हातात पिशवी, पिशवीत भाकरीचा डबा आणि पाण्याची बाटली. शेतकरी पिकअप घेऊन येतात, खिडकीतूनच बोलणं होतं. "किती माणसं?" "बारा." "काय काम?" "थिनिंग." "किती देणार?" कामाप्रमाणे रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, ठरतो. थिनिंगचा, म्हणजे घडातले जादा मणी कात्रीने काढण्याचा, वेगळा आणि टोमॅटो तोडणीचा वेगळा. ठरला की टोळी गाडीत चढते. नऊनंतर चौक रिकामा होत जातो आणि ज्यांना काम मिळालं नाही ते पारावर बसून राहतात.

हे बघायला मी का सांगतो? कारण बाकीचं सगळं, म्हणजे मांडव, निर्यातीचे खोके, वाइनचे ग्लास, यांच्यावर उभं आहे. फोटो मात्र काढू नका. मजुरीसाठी उभं राहिलेल्या माणसाच्या तोंडासमोर कॅमेरा धरणं वाईट दिसतं, आणि ते त्यांना कळतं. टपरीवर चहा घ्या, सायकल बाजूला लावा, तेवढ्यात बरंच दिसेल. चहा पिता पिता मला एकदा हरसूलकडच्या एका मावशींनी विचारलं होतं, "पैसे देऊन सायकल चालवता का पैसे घेऊन?" मला उत्तर सुचलं नाही.

टोमॅटोच्या हंगामात इथंच टोमॅटोचा बाजार भरतो. वीस किलोच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये माल येतो, भाव क्रेटला. ज्या दिवशी भाव पडलेला असतो त्या दिवशी चौकात आवाज कमी असतो, एवढं निरीक्षण कुणीही करू शकतं. शेतात गेलात तर टोमॅटोची बांधणी बघा. बांबू, तार, सुतळी. झाड जमिनीला टेकू नये म्हणून हा सगळा खटाटोप, आणि त्याचा खर्च टोमॅटो लाल होण्याच्या कितीतरी आधी झालेला असतो.

बांधावरची रीत

नवखे लोक चुकतात ते इथे. ते रस्त्यावरून बाग बघतात, सायकल टाकतात आणि थेट मांडवाखाली शिरतात. असं करू नका. बाहेर उभं राहून हाक द्या. "राम राम, कुणी आहे का?" वस्तीवरची कुत्री आधी येतील. तेव्हा पेडल मारून पळायचं नाही, ती पळणाऱ्याच्याच मागे लागतात. उतरा, सायकल तुमच्या आणि कुत्र्याच्या मध्ये धरा आणि उभे राहा. मालक येऊन एक शब्द टाकतो आणि प्रकरण मिटतं.

मालक आला की आधी तुम्ही कोण, कुठले ते सांगा. मग "दादा, बाग बघू का जरा?" नव्वद टक्के वेळा हो म्हणतात. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका, त्याला कारण असतं. निर्यातीच्या बागा ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदणीत नोंदवलेल्या असतात, प्रत्येक फवारणीची नोंद ठेवावी लागते आणि औषधाचा अंश तपासला जातो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या एका रसायनाच्या अंशावरून नाशिकची द्राक्षं युरोपात अडकली होती. शेतकऱ्यांची त्यात जी वाताहत झाली ती इथले लोक विसरलेले नाहीत. दुसऱ्या बागेतून तुमच्या बुटाबरोबर रोग येईल ही भीतीही खरी आहे. भुरी, डाउनी, करपा ही नावं तुम्ही दिवसभरात ऐकालच. डाउनीला जुनी माणसं केवडा म्हणतात, हा तो गणपतीतला केवडा नव्हे.

आत गेल्यावर पहिला प्रश्न हा विचारा : "फवारणी कधी झाली?" काल-परवा झाली असेल तर वेलीला हात लावायचा नाही, सावलीत टेकायचंही नाही. आणि कोणत्याही परिस्थितीत स्वतःच्या हाताने मणी तोडून तोंडात टाकायचा नाही. घडातला एक मणी ओढलात की शेजारचे दोन चिरडतात, रस सांडतो, त्यावर बुरशी येते आणि निर्यातीचा अख्खा घड बाद होतो. शेतकरी स्वतः देतो तेव्हा घडाचा शेपटाकडचा मणी देतो, नीट बघा. घड वरून खाली पिकत येतो, टोकाचा मणी गोड लागला म्हणजे घड झाला. ही परीक्षा मला एका म्हाताऱ्या बाबांनी शिकवली, त्यांच्या नातवाकडे गोडी मोजायचं यंत्र होतं तरी.

त्याच बाबांकडून जुनी बाग कशी असायची तेही ऐकलं. पूर्वी लोखंडी मांडव नव्हते. पांगाऱ्याचे खुंट रोवायचे, ते जगायचे, आणि त्या जिवंत खांबावर वेल चढवायची. जाती भोकरी, फकडी अशा, बियांच्या. ओझरला १९२५ च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी खाण्याच्या द्राक्षाची लागवड केली, तिथून या धंद्याला वळण लागलं असं मानतात. बिनबियांची थॉम्पसन आली ती नंतर, आणि तिच्याबरोबर मांडव, पाठोपाठ कर्ज. "पांगारा उगवायचा फुकट," बाबा म्हणाले. "अँगलला बँकेत जावं लागतं."

विकत घ्यायचं असेल तर सरळ विचारा, घासाघीस करू नका. बांधावर मिळणारा माल बहुधा निर्यातीतून बाजूला काढलेला असतो. मणी लहान-मोठे, रंग थोडा पिवळट. आणि पिवळट द्राक्ष जास्त गोड असतं हे शहरातल्या दुकानात कुणी सांगत नाही. दोन किलोच्या वर घेऊ नका, सायकलवर नीट येत नाही. व्यापाऱ्याबरोबर सौदा चालू असेल, म्हणजे चार-पाच माणसं घड हातात घेऊन गंभीर चेहऱ्याने उभी असतील, तर तेव्हा मधे जाऊ नका. वर्षभराचा हिशेब त्या दहा मिनिटांत ठरत असतो. रक्कम पूर्ण न देता गायब झालेल्या व्यापाऱ्याची गोष्ट जवळजवळ प्रत्येक गावात ऐकायला मिळते. ती कुणी सांगायला लागलं तर ऐकून घ्या.

परतीची वाट : मातोरी, मखमलाबाद

गिरणारेहून मातोरी-मुंगसरा या पट्ट्यातून मखमलाबादकडे उतरायचं. हा माझा आवडता भाग. रहदारी कमी, उतार जास्त. इथे द्राक्षाइतकीच भाजी. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर, कोबी, आणि मधेच गुलाबाचा एखादा वाफा. मोगलांच्या काळी नाशिकला गुलशनाबाद म्हणत, ते नाव शहरात आता कुठेच पटत नाही, इथे थोडंसं पटतं.

या वाटेवर जुन्या विहिरी शोधा. बऱ्याच बुजल्या, काहींवर पंप बसले, पण काही ठिकाणी काठावरचं दगडी थारोळं अजून आहे. मोटेचं पाणी ज्यात ओतलं जायचं ते थारोळं, आणि बैल ज्या उतारावरून खाली जात मोट वर ओढायचे ती धाव. धावेच्या लांबीकडे बघून विहीर किती खोल असेल याचा अंदाज लावता येतो, कारण बैलाला तेवढंच लांब चालावं लागायचं. एका विहिरीच्या काठाच्या दगडावर सोलाचे, म्हणजे मोटेच्या दोराचे, वळ पडलेत. बोट फिरवलं की खाच लागते, करंगळी बसेल एवढी खोल. किती वर्षं आणि किती बैल, कोण जाणे.

मग कालवा लागतो, सकाळी मागे सोडलेल्या धरणाचा डावा कालवा. पाणी वाहताना दिसलं तर आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाणी सोडायची पाळी, चालू आहे असं समजा. कोरडा असला तर पुढचं आवर्तन कधी यावर पारावर चर्चा चालू असेलच. कालव्याचा भराव सायकलला मोहात पाडतो, पण तिथेच सराटा सर्वात जास्त. मी दोनदा शिकलो.

मखमलाबादहून पंचवटीत उतरलात की फेरी संपली. पायांत जीव असेल तर संध्याकाळी बाजार समितीत पालेभाज्यांचा लिलाव बघा. सकाळी मातोरीच्या वाफ्यात पाहिलेली कोथिंबीर तिथे जुड्यांच्या ढिगात पडलेली असते आणि भाव शेकड्यावर बोलला जातो. रात्रीतून ती मुंबईच्या वाटेला लागते.

मिसळ कधी खायची

परत आल्यावर. जाताना नाही. हा वादाचा मुद्दा आहे आणि माझे मित्र माझ्याशी सहमत नाहीत, पण तर्रीवर तर्री घेऊन गिरणारेचा चढ चढलेल्या माणसाला मी बघितलंय. गंगापूर आणि मखमलाबाद या दोन्ही बाजूंना शेतात मांडव घालून चुलीवरची मिसळ देणारी ठिकाणं भरपूर झालीत. मोड आलेली मटकी, झणझणीत रस्सा, पापड, दही, आणि शेवटी जिलेबी. मालक बहुधा शेतकरीच असतो, द्राक्षापेक्षा मिसळीत जोखीम कमी हे त्याला कळलेलं असतं. सकाळी निघताना केळं आणि गुळशेंगदाणे पुरतात. वाटेत डिसेंबर-जानेवारीत कुठे हुरडा भाजत असतील तर थांबा. ज्वारीचं कोवळं कणीस गोवरीच्या आरावर भाजून हातावर चोळून देतात, सोबत लसणाची चटणी. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी मिळाली तर सोडू नका. नागली पेठ-हरसूलच्या डोंगरउतारावरची, इकडची बाजरीची चूल तिला जरा परकी असते.

वाइनरीसाठी वेगळा दिवस

गंगापूर-सावरगाव रस्त्यावर वाइनरी आहेत. सुला सगळ्यांना माहीत असते. राजीव सामंत यांनी आई सुलभा यांच्या नावावरून ते नाव ठेवलं आणि त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, राज्य सरकारने वाइन उद्योगासाठी धोरण आणलं आणि नाशिकचं चित्र बदललं. पण हे सगळं पहिल्या फेरीत कोंबू नका. वाइनरी उशिरा उघडतात, शनिवार-रविवारी दुपारी तो रस्ता मोटारींनी भरतो, आणि पिऊन सायकल चालवायची नाही हे सांगायला लागू नये. सकाळी लवकर, नुसता बागा बघायला जा. फरक लगेच दिसेल. खाण्याच्या द्राक्षाचा मांडव डोक्यावर असतो, वाइनच्या द्राक्षाच्या रांगा कुंपणासारख्या उभ्या. मणी बारीक, जाड सालीचा, बी असलेला. तोंडात टाकलात तर म्हणाल, हे कोण खातं?

पुढची फेरी हवी असेल तर दिंडोरी तालुका धरा. मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांच्या मालकीची कंपनी आहे, आधी विचारून जा. वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः पाणी वाटतात. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राच्या बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी ते काम उभं केलं. लासलगावचा कांदा बाजार बघायचा तर तो पूर्ण दिवसाचा, दमाचा प्रवास आहे, आणि महामार्गाचा मोठा पट्टा सायकलला सुखाचा नाही. तिकडे मी मोटारसायकलने जातो.

घरी आल्यावर

खोक्यातून द्राक्षं काढा, पण लगेच धुऊ नका. ओली झाली की देठाशी कुजायला लागतात. खायच्या वेळी, खायची तेवढीच धुवायची. आणि मण्यांवर पांढुरका थर दिसेल तो बघून घरचे म्हणतील, "एवढं औषध मारलंय!" पुष्कळदा ते औषध नसतं, मण्याचं स्वतःचं मेण असतं. बोट फिरवलं की पुसलं जातं आणि खालून चकचकीत साल निघते. घड जितका कमी हाताळला गेला असेल तितका तो थर शाबूत राहतो. माझ्या आईला हे पटायला तीन हंगाम लागले, अजूनही ती माझा डोळा चुकवून मिठाच्या पाण्यात भिजवतेच.